व्हेल्त्रोचा पोचा

"नुसतं 'हो, पाहिलं' म्हणायचं, आजीबाई. पाल्हाळ नको," लोदोविको साल्व्हातेर्राने पुन्हा एकदा बजावलं. त्याने मिलानहून मागवलेली हॅट आर्जिआ फान्तुत्सीच्या कपाळावर घसरत होती. तिने ती काढून मांडीवर ठेवली आणि माइक असेल ना, सगळ्यांना ऐकू जायला हवं, एवढंच विचारलं. साल्व्हातेर्रा हसला. म्हातारीलाही मिरवायची हौस आहे, असं त्याला वाटलं.

सरोवराकाठच्या त्या हिरवळीवर दर मे महिन्यात जुन्या गाड्यांची स्पर्धा भरते. गाड्यांपेक्षा मालकांनाच जास्त पॉलिश केलेलं असतं. त्यात साल्व्हातेर्रा म्हणजे सगळ्यांचा शिरोमणी. त्याची गाडी युद्धाआधीची व्हेल्त्रो. अशा तीनच बनल्या, आणि त्यातल्या दोन युद्धात तोफांसाठी वितळवल्या गेल्या. ही उरली, कारण तिची किंमत कुणाला कळली नाही. उबेर्तो कासाली नावाच्या सरदारपुत्राने १९३८ची डोंगरातली शर्यत तिच्यावर जिंकली आणि कंटाळा आल्यावर ती विकून टाकली. पुढे एका खाटकाने तिची पाठ कापून तीतून मांस वाहिलं. त्याच्या मुलाने तीत कोंबड्या पाळल्या. तिच्या सगळ्या मालकांत त्या कोंबड्याच काय त्या प्रामाणिक. मग साल्व्हातेर्राने ती उचलली. नवी पाठ, नवं कातडं, निम्मं इंजिन नवं, आणि त्या सगळ्यावर जुनेपणाचा रंग. जुनी म्हणून त्याने एकच गोष्ट ठेवली, ती म्हणजे उजव्या मडगार्डवरचा पोचा. शर्यतीत गाडी पुलाच्या दगडी कठड्यावर आदळली, पण कासालीने वेग कमी केला नाही, अशी त्या पोच्याची कथा. गाडीपुढच्या फलकावर ती कोरीव अक्षरांत लिहिली होती.

या मंडळींत पोच्याला फार मान. घरातल्या पातेल्याला पोचा आला की ते भंगारात जातं. शर्यतीतला पोचा असला की हेच लोक हातमोजे घालून त्यावरून बोट फिरवतात आणि डोळे मिटतात. म्हणूनच झ्युरिखच्या एका दंतवैद्याने आवई उठवली, की साल्व्हातेर्राचा पोचा कारखान्यात हातोडीने पाडलाय. दंतवैद्याची स्वतःची गाडी त्याच गटात होती आणि तिच्यावरचे ओरखडे कुठून आले ते न विचारलेलंच बरं. चोराची पावलं चोरच जाणे. परीक्षकांनी साल्व्हातेर्राला बजावलं, की पोचा शर्यतीतलाच आहे असं सांगणारा साक्षीदार आणा, नाहीतर गाडी बाद. करंडक तर जाईलच, वर लबाड म्हणून नाव होईल.

त्याची माणसं पिएत्राल्ताला गेली. शर्यतीचा रस्ता त्या खेड्यातून जायचा. त्या दिवशी पुलापाशी उभं असलेलं एकच माणूस आता हयात होतं. आर्जिआ तेव्हा लहान पोर होती, आता ऐंशी उलटलेली. ती म्हणाली, तिथेच होते, गाडी आदळताना पाहिली. हे कळल्यावर साल्व्हातेर्राने पुढे काही विचारलंच नाही. असल्या माणसांना हवा तो होकार मिळाला की त्यांचे कान बंद होतात. आज दुपारी त्याने तिला ड्रायव्हरांच्या टेबलावर जेवायला बसवलं. परीक्षकांसमोर ती पावाने ताट पुसेल आणि आपली शोभा होईल, ही त्याला धास्ती.

शेवटी तिला गाडीजवळ नेलं. मुख्य परीक्षक नाकाने कांदे सोलत पुढे आला आणि हा पोचा शर्यतीच्या दिवशीच पडला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का, असं त्याने विचारलं.

"हो, पाहिलं," आर्जिआ म्हणाली.

दंतवैद्याचं तोंड उतरलं. साल्व्हातेर्राने माइक घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"पण कठड्याचा नाही हा," ती म्हणाली. "पुलाला कठडा एकाच अंगाला, डावीकडे, नि हा पोचा उजवीकडे. अजून आहे, जाऊन बघा. हा माझा भाऊ एर्मेस. सहा वर्षांचा होता. शर्यत बघायची म्हणून आईने त्याला नवा सदरा घातला होता. गाडी थांबली नाही. मग काळ्या शर्टातली फॅसिस्ट माणसं घरी आली नि म्हणाली, पोरगं विहिरीत पडलं असं सांगायचं. आईने मरेपर्यंत तेच सांगितलं. मीही तेच सांगत आले. तुमची माणसं दारात आली तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी विचारतंय."

एका बाईने हातातला पेला हळूच खाली ठेवला. साल्व्हातेर्रा पांढराफटक पडला होता. मेलेल्या पोरासाठी नव्हे, करंडकासाठी. परीक्षक बाजूला जाऊन डोकी जोडून कुजबुजले. बराच वेळ कुजबुजले. मग मुख्य परीक्षक परत आला. त्याने टोपी काढून आर्जिआचा हात हातात घेतला, फार वाईट झालं म्हणाला, आणि तिचा हात सोडायच्या आत मान वळवून साल्व्हातेर्राला म्हणाला,

"अभिनंदन. पोचा अस्सल आहे. फलकावर तेवढं कठड्याच्या जागी मुलगा करून घ्या."