डॉक्टरांच्या टेबलावरचा लॅपटॉप

शेवटचा स्क्रू काही केल्या फिरेना, तेव्हा सुनेने पेचकस खाली ठेवला आणि घामेजलेले तळवे ओढणीला पुसले. समोर सासऱ्यांचा लॅपटॉप आ वासून पडला होता. स्क्रीनवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते.

चूक तिचीच होती. काल टेबल पुसताना तिने झाकण मिटलं आणि आत पेन राहिलंय हे ध्यानातच आलं नाही. कट्ट असा आवाज झाला. तेवढाच.

सासरे डॉक्टर. एक्स-रे वाचणारे. निवृत्त झाले तरी त्यांना कोणी सोडलं नव्हतं. लहान-लहान दवाखान्यांतून एक्स-रे थेट या लॅपटॉपवर यायचे. ते बघायचे आणि फोनवरून निदान सांगायचे. मग तिकडे कोणाचा तरी जीव भांड्यात पडायचा, कोणाच्या तरी पायाखालची जमीन सरकायची. "मशीनला दिसत नाही ते साहेबांना दिसतं," असं सगळे म्हणत.

घरातही त्यांची शिस्त करडी. कप टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर, फोन डावीकडे, खुर्ची खिडकीला पाठ करून. काही वीतभर सरकलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. अलीकडे तर नाकावर माशी बसू देत नव्हते. सकाळचा पेपर मात्र तिच्याकडून वाचून घ्यायचे. "कामानं डोळे शिणतात गं. तू वाचलंस की बरं वाटतं," म्हणायचे. तेवढा वेळ ती त्यांची लाडकी असायची. म्हणूनच आत्ता जास्त लागत होतं.

"सांगून टाक ना बाबांना," नवरा फोनवर म्हणाला होता.

"तुझे वडील आहेत. तू सांग."

"मी? लहानपणी त्यांचा थर्मामीटर फोडला होता, त्याची बोलणी अजून खातोय. तू सून आहेस, तुला सूट मिळेल."

दुकानदाराने लॅपटॉप ठेवून जायला सांगितलं होतं, आठवडाभरासाठी. पण त्यात लोकांची दुखणी होती. तो घराबाहेर न्यायचा नाही अशी सासऱ्यांची सक्त ताकीद होती. शेवटी ती नुसती नवी स्क्रीन घेऊन आली. सासरे कालपासून आत्याबाईंकडे गेले होते, आज संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. आणि असल्या कामाची तिला भीती नव्हती. माहेरी तिने रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडून पाहिलं होतं. "हिला बाहुली नको, पेचकस द्या," आई वैतागून म्हणायची.

भीती वेगळीच होती. कालपासून तिच्या डोळ्यांसमोर एक बाक येत होता. त्यावर कोणीतरी छाती धरून बसलंय, एक्स-रे पाठवलाय, उत्तर येत नाहीये. का, तर इथे एका बाईला पेन दिसलं नाही.

तिने स्क्रूवर पुन्हा जोर लावला. या वेळी तो सुटला. तडकलेली स्क्रीन हळूच पुढे झुकवून तिने मागची चपट्या वायरची पिन सोडवली. नवी स्क्रीन जागेवर बसवली, पिन जोडली, बॅटरी लावली. श्वास रोखून बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. ती जवळजवळ ओरडलीच. पण तो उजेड नुसता पांढरा होता. ना अक्षर, ना चित्र. तिने पिन काढून पुन्हा दाबली. तेच. तिसऱ्यांदा तेच. दुकानदाराने चुकीचा माल दिला, की तिच्याच हातून वायर दुखावली, काही कळेना.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात सासरे होते. "आत्याकडून लवकर निघालो. दवाखान्यातून सारखे फोन येतायत. एका बाईला श्वास घेता येत नाहीये, एक्स-रे पाठवून ठेवलाय त्यांनी."

"बाबा, पाणी आणते. जरा बसा तरी."

"टेबलाशीच बसतो. पाणी तिकडे आण."

ती धावत पुढे गेली. कडेची पट्टी कशीबशी दाबून बसवली, लॅपटॉप जागच्या जागी ठेवला आणि उरलेले स्क्रू मुठीत लपवले. सासरे आले, खुर्चीची पाठ चाचपून बसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिकडे एक बाई तडफडत होती.

"बाबा, मला एक सांगायचंय. काल माझ्या हातून..."

"नंतर." त्यांनी हात वर केला. "आधी पेशंट."

त्यांनी झाकण उघडलं. ती त्यांच्या खांद्यामागेच उभी होती. तिलाही स्पष्ट दिसत होतं. चुन्याच्या भिंतीसारखी पांढरीफटक स्क्रीन, बाकी काही नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि स्फोटाची वाट पाहू लागली.

स्फोट झाला नाही. नुसता बटणांचा आवाज आला, सराईत बोटांचा. तिने डोळे उघडले. सासरे चष्मा सारखा करून पुढे झुकले होते. त्यांनी मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे. एक दीर्घ हुंकार दिला. मग फोन उचलला.

"हां, पाहिला मी एक्स-रे," त्या पांढऱ्याफटक उजेडाकडे रोखून बघत ते नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाले. "दोन्ही फुप्फुसं स्वच्छ आहेत. घरी पाठवा बाईंना."