चार पानं ठेवून

दांडा कापताना खाली चार पानं ठेवायची. नाहीतर कंद उपाशी राहतो.

मुलाचं घर गुरुग्रामला, सतरावा मजला. बाल्कनीत कुंडी ठेवायला सोसायटीची मनाई.

सकाळी साडेसहा. वरच्या घरात चपलांचा आवाज: स्वयंपाकघर, बाल्कनी, पुन्हा स्वयंपाकघर.

बी फसवतं, कंद फसवत नाही. ज्या रंगाचा पुराल, त्याच रंगाचा उगवेल.

बुटांचं एक जुनं खोकं. आत वर्तमानपत्राच्या पुड्या.

यातलं चार पानांचं आणि कंदाचं बोलणं अलकनंदाचं. ती गेल्याला पाच वर्षं होत आली. बाकीचं तिच्या नवऱ्याच्या, भालचंद्ररावांच्या वाट्याला आलेलं. वरच्या चपला वाजल्या की ते आपला एक कप चहा ठेवत. दिवसभरात घरात दुसरा आवाज असा नसेच.

जनकपुरीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या घराला आज गिऱ्हाईक आलं होतं. मुलगा विश्वास गुरुग्रामहून सकाळीच गाडी घेऊन हजर झाला.

"बाबा, यार, दरवर्षी तेच. आईचे कंद, आईचे कंद! त्या लोकांना काय सांगू?"

"फुलं संपू देत म्हणावं."

"मग एप्रिलमध्ये कंद काढायचेत म्हणाल. ऑक्टोबरात लावायचेत म्हणाल." त्याने फोनमधून डोकं वर काढलं. वाफ्यात बेचाळीस ग्लॅडिओलस उन्हात ताठ उभे होते, शेंदरी. "आहेत मात्र मस्त. आईचा हातच तसा होता."

फोन वाजला. बोलत बोलत तो फाटकाबाहेर गेला.

वाटीवर ताटली झाकून सरलाबाई जिन्यावरून खाली आल्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. मार्चमध्ये अलकनंदा गेली आणि एप्रिलमध्ये त्या वरच्या घरात एकट्या राहायला आल्या. कंद तेव्हा काढून झाले होते, वाफा रिकामा होता. दोघींची गाठ कधी पडलीच नाही.

"कोथिंबीरवड्या आहेत. आणि एक सांगायचंय. मध्ये बोलायचं नाही."

"वर्गात बसलोय का मी?"

"भालचंद्रराव, तुम्ही जा मुलाकडे. या कंदांसाठी थांबू नका. ते वहिनींचे नाहीत."

त्यांच्या हातातली कात्री थांबली.

"त्या पहिल्या मेमध्ये तुम्ही नागपूरला होतात. किल्ली माझ्याकडे. तुम्ही याल तेव्हा घर गार असावं म्हणून मी कूलर भरून ठेवला. तो दोन दिवस पाझरत राहिला, आणि खाली तुमचं कंदांचं खोकं. सगळ्याचा लगदा झाला. सप्टेंबरात बाजारात नवे आले, तेव्हा मोजून बेचाळीस आणले आणि तसेच कागदात बांधून ठेवले."

"सप्टेंबरपर्यंत खोक्यात काय होतं?"

"कांदे. छोटे."

भालचंद्ररावांच्या मिशा हलल्या.

"हसताय काय! तुम्ही 'अलकाचे कंद' म्हणालात की माझा घास अडकतो. खोट्या कंदांपायी म्हातारपणी मुलापासून लांब राहताय. हे पाप माझ्या माथी नको."

"आणि मी गेलो तर वड्या कुणाला देणार?"

"माझं काय. मला सवय आहे." त्या नळाकडे बघत म्हणाल्या. नळ बंद होता.

भालचंद्ररावांनी एक दांडा धरला. खालून चार पानं मोजली, वर कापला आणि त्यांच्या हातात दिला.

"रागावला नाहीत?"

"पाणी कूलरचं सांडलं. फुलांनी काय केलंय?"

विश्वास परत आला. "बाबा, बिल्कुल शेवटचं विचारतोय. ते फोनवर थांबलेत. हो म्हणू ना?"

सरलाबाईंनी दांडा दोन्ही हातांनी धरला. मान हलवून त्या भालचंद्ररावांना 'हो म्हणा' असं खुणावत होत्या.

"नाही," भालचंद्रराव म्हणाले. "तुझ्या आईचे कंद आहेत रे. सोडून कसा येऊ?"

अलकनंदाने त्या वाफ्यात बावीस वर्षं फक्त पांढरे ग्लॅडिओलस लावले होते.