चार लाख मैल

दूध आणायला म्हणून कॅन्ससमधल्या घरून निघालेला वेंडेल दोन दिवसांनी पोलिसांना पार ओक्लाहोमात सापडला, तेव्हा लोरीननं काळजावर दगड ठेवून नवऱ्याच्या जुन्या लांबलचक मर्क्युरी गाडीच्या बॅटरीची वायर गुपचूप सोडवून टाकली. मुलांची नावं विसरलेल्या त्या माणसाला चार लाख मैल बिनतक्रार धावलेली ती गाडी तेवढी ओळखू येई. सकाळी त्यानं किल्ली फिरवली, पण गाडी हूं की चूं करेना. “हिनं मला कधी दगा दिला नाही,” असं पुटपुटत त्यानं बॉनेट उघडलं. सरावलेल्या बोटांनी वायर आवळली आणि इंजिन गुरगुरलं. लोरीन धावत गाडीसमोर येऊन उभी राहिली. काच खाली करून तो अदबीनं म्हणाला, “बाई, बाजूला व्हा जरा. घरी बायको वाट बघतेय.” “मलाही तिकडंच जायचंय,” म्हणत ती दार उघडून शेजारी बसली.