क्लच सोडला की आई

"आई," मुरलीधर मिस्त्री म्हणाला.

श्रीधर दचकला. मागे स्टुलावर बसलेल्या विनयाने पर्स छातीशी घट्ट धरली.

मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरसायकलच्या गिअरबॉक्सला टेकवलं होतं आणि मूठ कानाला. डोळे मिटलेले. आदर्श नगरात जुन्या गाड्यांच्या पोटातलं ऐकणारा तो एकटाच. त्याच्या हिंदीत आवाज येत नसे, येत असे ती 'आवाज'. म्हणून 'आई', म्हणजे आला. जयपुरात बावीस वर्षं विमा कंपनीत काढलेल्या श्रीधरला एवढी हिंदी कळत होती. पण चैत्रात आई गेल्यापासून हा शब्द त्याला मराठीतच ऐकू येत होता.

"क्लच दबाओ साब. गई. अब छोड़ो. आई."

गाडी न्यूट्रलमध्ये होती. क्लच सोडला की तिच्या पोटातून बारीक, लांब कण्हणं निघत होतं. अंऽऽ गंऽऽ. आई गुडघ्यांवर हात ठेवून पाटावरून उठायची, तसंच. बाबांच्या या गाडीवर, श्रीधरच्या मागे बसून, ती दर बुधवारी मोती डुंगरीच्या गणपतीला जायची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी कण्हायला लागली होती.

"ऐकलंत ना?" विनया म्हणाली. "आणि काल थर्डमध्ये चक्क 'शिरू' म्हणाली तुमची गाडी."

"गिअरचे दात झिजले असतील."

"त्यांना दातच नव्हते."

श्रीधरला शिरू फक्त आई म्हणायची. विनयासाठी तो लग्नाच्या दिवसापासून 'अहो' होता.

"हे बघा, आज आवाज गेला नाही तर गाडी भंगारात. भाजी आणायला सासूबाईंच्या मांडीवर बसून जायचं, मला नाही जमत."

"भाभीजी, फिकर मत करो," मिस्त्री म्हणाला. "क्लच दबाने से चुप हो जाती है, मतलब बेअरिंग है."

विनयाने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत सासूबाईंना गप्प करणारी एवढी सोपी गोष्ट घरात होती आणि कुणाला माहीत नव्हती, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

चार तास लागले. काळं ऑइल निघालं, झाकण निघालं, शेवटी बेअरिंग निघालं. मिस्त्रीने ते बोटावर अडकवून फिरवलं.

अंऽऽ गंऽऽ.

कॅलेंडरखाली झोपलेलं मांजर उठून बाहेर गेलं.

नवं बेअरिंग बसलं, नवं ऑइल भरलं. मिस्त्रीने किक मारली. श्रीधरने क्लच दाबला. सोडला. परत दाबला, परत सोडला.

"आई?" मिस्त्रीने विचारलं.

"नहीं आई," श्रीधर म्हणाला.

मिस्त्रीने चिंध्यांनी हात पुसले. "अब आई भी, तो गियरबॉक्स से नहीं आएगी."

जुनं बेअरिंग श्रीधरने रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. विनया मागे बसली. बसताना तिच्या तोंडून अंऽऽ निघालं. चार तास त्या स्टुलावर बसून कुणाचीही कंबर धरली असती.

जवाहर नगरच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. फर्स्ट, सेकंड. श्रीधर कान लावून होता. काहीच नव्हतं. त्याने थर्ड टाकला.

"शिरू, हळू रे," मागून विनया म्हणाली. "पुढे गाय..."

श्रीधरने क्लच दाबला.

मागचा आवाज तुटला. गाडी नुसतीच घरंगळत राहिली. पुढे खरंच गाय होती, रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत. आरशात विनयाचं तोंड अर्धवट उघडं दिसत होतं, 'गाय'च्या पुढच्या शब्दावर थांबलेलं. पापण्या लवत नव्हत्या.

श्रीधरने मागे वळून पाहिलं नाही. खिशातलं बेअरिंग एकदा चाचपलं.

मग त्याने हळूच क्लच सोडला.