कोकरांची पहिली लोकर

शनिवारचा बाजार करून मी घरी आले, तर सून वैजंता अंगणात रडत बसलेली. पुढ्यातल्या घमेल्यात ओल्या लोकरीचा घट्ट गोळा.

"आत्याबाई, वास येत होता, म्हणून कढत पाण्यात साबण लावून घासली."

ती कोकरांची पहिली कातरण होती. इतकी मऊ लोकर पुन्हा येत नाही. वैजंताला सहावा महिना. रविवारी दोघींनी सूत कातायचं आणि बाळाला घोंगडी विणून घ्यायची, असं ठरलेलं. चरख्यावर लावून पाहिलं, पण त्या गोळ्यातून धागाच निघेना.

"आता उखळात घालून कांडा," मालक हसले.

कांडायचीच, तर पुरती दाबून बाळाला बिछाना करू, असं मनात आलं. रविवारी मी तो गोळा चटईवर उलगडून पसरला, वर सोसवेल इतकं गरम पाणी ओतलं आणि वैजंताचा हात धरला.

"तुडव हळूहळू."

लुगडी खोचून आम्ही तुडवत राहिलो. हसून हसून दम लागला. लोकर दबून एकजीव झाली, आणि उन्हात वाळल्यावर तिचा मऊ बिछाना झाला.

संध्याकाळी विणकर सूत न्यायला आला. त्यानं बिछाना उलटापालटा करून पाहिला.

"मागाशिवाय हे कुणी केलं?"

वैजंतानं पोटावर हात ठेवला. "आम्ही तिघांनी."