दिनविशेषातली चौथी ओळ

दशरथने ओल्या फडक्याने फळा पुसला, वाळू दिला आणि वर तारीख घातली : १८ जानेवारी १९८८. खाली ठसठशीत अक्षरात ‘आजचा दिनविशेष’. मुंबईतल्या असल्फ्याच्या टेकडीवरच्या वस्तीत मित्रमंडळाचा हा फळा होता. मंडळातली पोरं कितीही बदलली तरी खडू दशरथच्याच हातात राहिला होता. त्याच्यासारखं वळणदार अक्षर टेकडीवर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि सकाळचा एवढा रिकामा वेळही.

वही उघडून त्याने एकेक ओळ उतरवली.

१८४२ – न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म.

१९१९ – पहिल्या महायुद्धानंतर पॅरिस येथे शांतता परिषदेस सुरुवात.

१९४७ – गायक कुंदनलाल सैगल यांचे निधन.

खाली एका ओळीची जागा उरली. अठरा जानेवारीला ती दर वर्षी उरायची, आणि का उरते ते सगळ्या टेकडीला ठाऊक होतं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तो ब्याऐंशीच्या अठरा जानेवारीला. त्या दिवसापासून दशरथने कापड विणायच्या साच्यांना हात लावला नव्हता. कुणी गुपचूप कामावर परतले, कुणी गाव गाठलं, त्याच्या गिरणीने तर परत बोलावलंच नाही. पण संप मागे घेतला असं कुणी जाहीर केलं नव्हतं, आणि दशरथ नियमाचा पक्का. चालू गोष्ट दिनविशेषात घालायची नाही, संपली की घालायची. मंडळाच्या पोरांनी एकदा सुचवून पाहिलं होतं. तेव्हा त्याने खडू त्यांच्यापुढे धरला होता. “लिहा ना. खाली सहीपण करा.” पोरांनी खडू घेतला नव्हता.

रत्नप्रभा मागे येऊन उभी राहिली. साकीनाक्याच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला जायची. आज तिच्या हातात दोन डबे होते आणि एक इस्त्री केलेला शर्ट.

“नऊला माझ्या कारखान्यावर हजर व्हायचंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “वॉचमनची जागा आहे. साहेब बोलले, आज नाही आले तर दुसरा माणूस ठेवणार.”

“संपावरचा माणूस दुसऱ्याच्या गेटवर बसेल?”

ती भांडली असती तर दशरथला बरं वाटलं असतं. भांडणाची उत्तरं त्याच्याकडे तयार होती, सहा वर्षांत वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

“काल मुलुंडचा निरोप आला,” ती म्हणाली.

दशरथ फळ्याकडेच बघत राहिला. मुलुंडची माणसं गेल्या रविवारी सुलक्षणाला बघून गेली होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं, आपण काय करता? आणि दशरथने आपल्या लेकीच्या देखत नेहमीचंच उत्तर दिलं होतं : संपावर आहे. पाहुणे हसले होते. ही मस्करी नाही हे कळल्यावर ते मान खाली घालून पोहे खायला लागले होते.

“काय म्हणतात?”

“मुलगी पसंत आहे. फक्त वडलांचं डोकं ठिकाणावर आहे ना, तेवढं सांगा म्हणाले.” तिचा आवाज जराही चढला नाही. “माझ्यान आता होणा नाय. तुम्हीच सांगा, मी काय कळवू त्यांना?”

“सुलू रडली?”

“नाय. म्हणाली, बाबांना यातलं काही बोलू नको.”

तू हरलास, हे दशरथला गेली सहा वर्षं कुणी ना कुणी तोंडावर सांगत आलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, मेव्हण्याने सांगितलं, त्याने कुणाला भीक घातली नव्हती. पण पोरीने त्याला सांभाळून घ्यावं, एखाद्या आजाऱ्याला घेतात तसं, हे त्याला सोसवेना.

त्याने खडू उचलला.

१९८२ – मुंबईतील गिरणी कामगारांच्या संपास सुरुवात.

शेवटी टिंब दिलं. अक्षर वरच्या तीन ओळींसारखंच नीट आलं, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं.

फळ्याच्या आडोशाला त्याने शर्ट बदलला. रत्नप्रभाने त्याच्या हातात डबा दिला. आता निघायचं, तेवढ्यात खालच्या गल्लीतून धोंडिराम चढून येताना दिसला.

धोंडिराम त्याच्याच खात्यातला, शेजारच्या साच्यांवरचा. हल्ली केळ्यांची गाडी लावायचा, पण गिरणीचा पास प्लॅस्टिकमध्ये घालून अजून वरच्या खिशात ठेवायचा. बायको-मुलं गावी. तो मात्र जात नव्हता, बोलावणं आलं तर माणूस मुंबईत पाहिजे म्हणून. दर अठरा जानेवारीला तो फळा बघायला यायचा, खालची मोकळी जागा बघून खूश व्हायचा आणि दशरथकडे चहा पिऊन जायचा.

त्याने धापा टाकत पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीवर त्याची नजर थांबली.

दशरथ मनाची तयारी करून उभा राहिला. धोंडिरामने शिवी हासडली असती, कानफटात मारली असती, तरी त्याने ऐकून घेतलं असतं.

धोंडिरामने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मयतापुढे उभं राहतात तसं फळ्यासमोर अनवाणी उभं राहून हात जोडले. मग जवळ येऊन त्याने दशरथच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं,

“गावी कळवलंस?”