भाकरीचा आवाज

संग्रहालयात शिरताच आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. प्रत्येक चित्राजवळ 'हात लावू नये' अशी पाटी होती. दालनं ओलांडून आम्ही आतल्या छोट्या थिएटरात जाऊन बसलो. मी सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करते, आणि माझं काम आई पहिल्यांदाच बघणार होती.

पडद्यावर नायिका भाकरी थापू लागली, तशी आई माझ्या कानाशी लागली. "बोटं बघ बयेची! अशानं भाकरी फिरंल तरी का?"

"तू नुसतं ऐक."

नायिका तव्याकडे वळली आणि परातीच्या काठावर बांगड्या खणखणल्या. काठावर हात आपटून पीठ झाडायची ही सवय आमच्या घरातली, आईची. दिवाळीत आईच्या चुलीपाशी मी माईक धरून बसले होते, तेव्हा ती "दुसरा उद्योग न्हाई का तुला?" म्हणाली होती. आता तिने माझं मनगट घट्ट धरलं.

सिनेमा संपून नावं सुरू झाली. गर्दीच्या आधी निघायला आई उठली, पण इथे शेवटचं नाव जाईपर्यंत कुणी उठत नाही. मी तिला खाली बसवलं. तेवढ्यात पडद्यावर आलं, 'भाकरीचा आवाज: हौसाबाई कोळेकर'.

आईने शेजारच्या अनोळखी बाईंच्या दंडाला हात लावला. "हौसाबाई म्हंजी मी. हात त्या बयेचे, भाकरी माझी."

परतताना तिने एकाही चित्राला हात लावला नाही. पण हात पदराबाहेर होते, आणि त्या शांत दालनांमधून तिच्या बांगड्या खुशाल वाजत होत्या.